शत्रूच्या राजासाठी लढलेला कैदी: मोन सरदारांची कारकीर्द कशी चालायची

थायलंडमध्ये सातवीच्या साहित्याच्या अभ्यासात एका सरदाराची गोष्ट आहे. गंमत म्हणजे हा सरदार थाई नाही. तो मोन आहे, त्याचं राज्य आजच्या म्यानमारमध्ये येतं, आणि ज्या राजासाठी तो लढतो तो राजा त्याच्या शत्रूपक्षाचा आहे. सरदाराचं नाव समिंग फ्रा राम. बर्मी बखरींमध्ये हाच माणूस थमेन पायान म्हणून येतो. 'समिंग', 'स्मिम', 'थमेन' ही एकाच मोन पदवीची तीन रूपं आहेत. या विषयावर काहीही वाचायला घेतलं की ती एकामागून एक भेटत राहतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट साधारण १४१० नंतरच्या काळातली. दक्षिणेत पेगूला मोन राजा, उत्तरेत आव्याला बर्मी राजा, आणि दोघांत पिढीभर चाललेली लढाई. एका चकमकीत समिंग रामचा हत्ती दलदलीत रुतला, आव्याच्या फौजेने त्याला घेरलं आणि पकडून नेलं. आव्याला तो बेड्या घालून तुरुंगात पडला होता. तेवढ्यात चीनचा बादशहा प्रचंड फौज घेऊन आव्याच्या वेशीपाशी आला. त्याला शहर लुटायचं नव्हतं. कामनी नावाचा त्याचा एक नामांकित घोडेस्वार होता, त्याच्याशी एकट्याने झुंजेल असा वीर त्याला हवा होता. आव्याचा वीर जिंकला तर चिनी फौज परत जाणार, हरला तर शहर त्यांचं.

आव्यात कोणी पुढे येईना. जो जिंकेल त्याला अर्धं राज्य आणि राजकन्या, अशी दवंडी राजाने पिटवली. ती तुरुंगात समिंग रामच्या कानावर गेली. त्याने मनाशी जो हिशेब केला तो मला या गोष्टीतला सर्वात मोलाचा भाग वाटतो. आवा पडलं तर ही फौज इथेच थांबणार नाही, पुढची पाळी आपल्या पेगूची. म्हणजे पेगू वाचवायचं तर आधी आवा वाचवलं पाहिजे. तो पुढे झाला, पण अर्धं राज्य नको म्हणाला. त्याला फक्त सुटका हवी होती.

झुंजीचं वर्णन रंगवून केलेलं आहे. एका विधवेकडचा घोडा त्याने निवडला. राजाकडे एक लोखंडी आकडा आणि एक टोपली मागितली. समोर कामनी नखशिखांत चिलखतात. समिंग रामने त्याला सुचवलं, आधी आपण घोड्यावरचे पवित्रे एकमेकांना करून दाखवू, मी करेन तसं तू कर. कामनी हात उचलून पवित्रे करू लागला आणि काखेपाशी चिलखत उघडं पडतं हे समिंग रामने हेरलं. मग त्याने चिनी घोडा दमेपर्यंत आपला घोडा पळवला, वळून काखेत भाला घातला, मान कापली आणि मुंडकं जमिनीवर पडू न देता आकड्याने टोपलीत टाकलं. बादशहा शब्दाला जागला आणि फौज परत गेली.

गोष्ट इथे संपली असती तर ती शौर्याची गोष्ट झाली असती. ती संपत नाही. आव्याचा राजा त्याला राजकन्या आणि युवराजपद घ्यायचा आग्रह करतो. समिंग राम दोन अटी घालतो. मला कोणीही कैदी म्हणायचं नाही, आणि पेगूच्या माझ्या राजाशी लढायला मला पाठवायचं नाही. राजा मान्य करतो. लग्न होतं, मुलगा होतो. एके दिवशी दरबारात नातू आजोबांच्या सिंहासनापर्यंत चढून जातो, आणि आजोबा कौतुकाने बोलून जातात की हा कैद्याचा पोर पुढे मोठा शूर निघणार. अट मोडली. समिंग राम त्याच रात्री पत्र लिहून ठेवतो, बायको आणि मूल मागे सोडतो आणि घोडा पेगूच्या वाटेला लावतो.

आजच्या वाचकाला इथे दोनतीन प्रश्न पडतात. हा माणूस निष्ठावान की फितूर? शत्रूचा राजा कैद्याला जावई कसा करून घेतो? आणि एका शब्दावरून संसार सोडून जाणं हा नुसता मानी स्वभाव की आणखी काही? उत्तरं शोधायची तर त्या काळी मोन सरदार म्हणून माणूस जगायचा कसा, हे पाहावं लागतं.

आधी भूगोल. इरावती नदी म्यानमारच्या मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. वरच्या अंगाला, आजच्या मंडालेजवळ, आवा. तो कोरडा मुलूख, कालव्यांवर भातशेती करणारा. खाली नदीचा त्रिभुज प्रदेश, खाड्या, दलदल आणि समुद्र. तिथे मोन लोकांचं राज्य. त्याचं नाव हंसावती, राजधानी पेगू. मोन भाषेचं नातं ख्मेर भाषेशी आहे, बर्मीशी नाही. मोन लोक या भागातले जुने बौद्ध आणि जुने लिहिते लोक. बर्मी लिपी त्यांच्याच लिपीवरून घडली असं बहुतेक अभ्यासक मानतात. हंसावतीचे तीन प्रांत होते: पेगू, पूर्वेला मर्तबान आणि पश्चिमेला त्रिभुज प्रदेश. प्रत्येकात ३२ गावं अशी परंपरागत मोजणी आहे. बंदरं मोनांकडे, त्यामुळे व्यापाराचा पैसाही त्यांच्याकडे. वरच्यांना समुद्र हवा होता, खालच्यांना वरून येणाऱ्या फौजांची धास्ती होती.

आता सरदाराच्या पोटापाण्याचं. मध्ययुगीन मोन राज्यात सरदाराला पगार नसे. त्याला गाव मिळे. बर्मी भाषेत अशा माणसाला थेट 'गाव खाणारा' म्हणत. गावाचा महसूल त्याचा, गावची माणसं लढाईला आणायची जबाबदारीही त्याची. आपल्याकडची जहागीर म्हटली तर बरंच जवळ जातं. सरदाराची ओळख त्याच्या गावाने होई आणि पदवीत गावाचं नाव येई. 'बिन्या दला' म्हणजे दला या गावाचा धनी. दला म्हणजे आजच्या यांगूनसमोरचा, नदीपलीकडचा भाग. गाव बदललं, बढती झाली की नाव बदलायचं. त्यामुळे बखरीत एकच माणूस दोनतीन नावांनी येतो आणि दोनशे वर्षांच्या अंतराने दोन वेगळी माणसं एकाच नावाने येतात. बिन्या दला हे नाव १६व्या शतकातल्या एका सेनापतीचं आहे आणि १८व्या शतकात पेगूच्या शेवटच्या राजाचंही. घोटाळा होणारच.

गावाच्या बदल्यात सरदार राजाशी शपथ घ्यायचा. शस्त्रं बुडवलेलं पाणी प्यायचं आणि बेइमानी केली तर हीच शस्त्रं माझ्यावर उलटोत असं म्हणायचं, असा तो विधी. ही शपथ राज्याशी नव्हती, भाषेशी किंवा जातीशीही नव्हती. ती समोर बसलेल्या माणसाशी होती. तो माणूस मेला की शपथ संपली. नवा राजा आला की प्रत्येक सरदार पुन्हा तोलून पाहायचा की हा पोरगा टिकेल का, माझं गाव माझ्याकडे ठेवेल का. या मुलखातली जवळजवळ प्रत्येक गादी बदलताना बंड झालेलं दिसतं, त्याचं मोठं कारण हे.

समिंग रामचा पेगूचा राजा म्हणजे राजाधिराज. त्याचंही तेच झालं. १३८४मध्ये तो गादीवर आला तेव्हा १६ वर्षांचा होता आणि त्याआधीच्या वर्षी त्याने स्वतःच्या बापाविरुद्ध बंड केलं होतं. पश्चिमेला म्याउंगम्याचा कारभारी लाउकप्या आणि पूर्वेला मर्तबानचा कारभारी ब्यत्तबा हे दोघे भाऊ. आधीच्या राजाच्या काळातच ते जवळजवळ स्वतंत्र होऊन बसले होते. ब्यत्तबाने तर १३६४मध्ये राजा हत्तींच्या शिकारीला गेला असताना मर्तबान बळकावलं होतं. राजाला दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं, आणि त्यातूनच पुढे १३६९मध्ये राजधानी पेगूला आली. अशा माणसांना १६ वर्षांचा राजा मान्य होणं कठीणच होतं. लाउकप्याने आव्याच्या राजाला निरोप पाठवला की तुम्ही खाली या, पेगू घ्या, मी तुमचा मांडलिक होतो. १३८५मध्ये आव्याच्या राजाने आपल्या दोन कोवळ्या मुलांच्या नावाने दोन फौजा खाली पाठवल्या. पुढे १४२४पर्यंत अधूनमधून चाललेल्या या लढाईला इतिहासात चाळीस वर्षांचं युद्ध म्हणतात. मोन विरुद्ध बर्मी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या युद्धाची सुरुवात एका मोन सरदाराच्या निमंत्रणाने झाली, हे लक्षात असू द्यावं.

राजाधिराज टिकला. १३८८मध्ये त्याने मर्तबान घेतलं, १३९०मध्ये म्याउंगम्या. लाउकप्याच्या घरातली माणसं उत्तरेला पळून गेली तेव्हा आव्याच्या राजाने त्यांना कैदेत टाकलं नाही. त्यांना कारभाराला गावं दिली.

शत्रूकडून आलेल्या माणसाला गाव देण्यामागे एक साधं गणित होतं. त्या काळच्या आग्नेय आशियात जमीन उदंड होती आणि माणसं कमी होती. नांगराला, होडी वल्हवायला, हत्ती सांभाळायला हात लागत. त्यामुळे युद्ध मुलूख जिंकण्यासाठी होई तितकंच माणसं ओढून आणण्यासाठी. शहर पडलं की कारागीर, शेतकरी, माहूत, नर्तक, भिक्षू सगळ्यांना आपल्या मुलखात नेऊन वसवायचं. या गणितात अनुभवी सरदार म्हणजे सर्वात महाग माल. त्याच्या नावावर शेकडो माणसं गोळा होतात, शत्रूच्या वाटा आणि खाड्या त्याला पाठ असतात. त्याला मारणं म्हणजे लूट जाळून टाकण्यासारखं. सगळ्यांना जीवदान मिळे असं मात्र नाही. १४०७-०८च्या सुमारास राजाधिराजाच्या फौजेने आराकानमधून, म्हणजे म्यानमारच्या पश्चिम किनाऱ्यावरून, आव्याच्या राजाचा जावई पकडून आणला. तो तिथला राजा म्हणून बसवलेला होता. त्याला ठार मारलं आणि त्याच्या बायकोला, म्हणजे आव्याच्या राजकन्येला, राजाधिराजाने आपली राणी केलं. हिशेब असा दिसतो की जो स्वतः गादीवर हक्क सांगू शकतो तो जिवंत ठेवण्यात धोका. जो सेवा देऊ शकतो तो जिवंत ठेवण्यात फायदा. समिंग राम दुसऱ्या प्रकारचा होता.

ही राजकन्या मिनखाउंगची मुलगी. मिनखाउंग म्हणजे समिंग रामच्या गोष्टीतला आव्याचा राजा. त्याच्या बहिणीचं लग्न १४०३च्या तहात आधीच राजाधिराजाशी झालेलं होतं. म्हणजे मेहुणा आणि आता न विचारता झालेला जावई, दोन्ही एकच शत्रू. मुलीची बातमी कळल्यावर मिनखाउंग इतका भडकला की १४०८मध्ये पावसाळा तोंडावर असताना सल्लागारांचं न ऐकता फौज घेऊन खाली उतरला. त्रिभुज प्रदेशात पावसाळ्यात फौज नेणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. रसद संपली, फौज चिखलात अडकली, माघार घेताना दाणादाण उडाली आणि खुद्द मिनखाउंगची राणी मोनांच्या हाती लागली.

एरवी या लढाया ठरलेल्या वेळापत्रकाने चालायच्या. भात कापून झाल्यावर फौज निघायची आणि पहिल्या पावसाआधी घरी परतायची. उत्तरेकडून यायच्या वाटा मुख्यतः दोनच, इरावतीच्या काठाने किंवा पूर्वेकडच्या सित्तांग नदीच्या खोऱ्यातून. मोनांचा भर होड्यांच्या ताफ्यांवर आणि लाकडी मेढेकोटांवर. कोटात बसून राहायचं, वरून आलेल्या फौजेला उपाशी पाडायचं, पावसाची वाट पाहायची. बखरींत मात्र हे फारसं दिसत नाही. तिथे हत्तीवरून झुंजणारे राजे असतात आणि लाखालाखांच्या फौजा. ते आकडे खरे मानायचे तर तेवढ्या माणसांना खायला तांदूळ कुठून आला हेही विचारावं लागेल.

बखरींना आवडतात ते एकेकटे वीर. राजाधिराजाचा दुसरा गाजलेला सरदार लगुन एन, थाई रूपात समिंग नखोन इन. त्याची प्रसिद्ध कथा अशी की त्याने रात्री आव्याच्या राजाच्या छावणीत शिरायचं ठरवलं. पहारे चुकवत तो राजाच्या शामियान्यापर्यंत पोचला. राजा गाढ झोपलेला. लगुन एनने त्याला मारलं नाही. उशाची तलवार आणि विड्याचा डबा उचलला आणि आल्या वाटेने परतला. झोपलेल्याला मारणं वीराला शोभत नाही ही झाली उघड शिकवण. पण विड्याचा डबाच का? या सगळ्या मुलखात विड्याचं तबक हे राजचिन्ह होतं. राजा सरदाराला दर्जा द्यायचा तो कोणत्या धातूचा, कोणत्या घडणीचा विड्याचा साज वापरायचा यावरून. राजाचा डबा पळवणं म्हणजे त्याचा दर्जा पळवणं. ही कथा ऐकणाऱ्या त्या काळच्या दरबारी माणसाला त्यातली थट्टा लगेच कळली असणार.

समिंग रामच्या अटींकडे आता परत बघता येतं. तो आव्याच्या राजाशी नवा करार करत होता आणि जुना करार जिवंत होता, कारण राजाधिराज जिवंत होता. म्हणून दुसरी अट: पेगूशी लढायला पाठवायचं नाही. पहिली अट त्याहून महत्त्वाची. कैदी म्हणजे लूट, मालकाची वस्तू. जावई आणि युवराज म्हणजे शपथ घेऊन आपणहून आलेला माणूस. हे दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. राजाच्या तोंडून भर दरबारात कैदी हा शब्द गेला तेव्हा त्याचा दर्जा एका क्षणात शून्यावर आला आणि करार मोडल्याचा दोष राजाकडे गेला. निघून जाणं ही फितुरी उरली नाही. त्या काळाच्या नियमांनी पाहिलं तर समिंग राम कायद्याला धरून वागला. बायकोमुलाचं काय, हा प्रश्न तेव्हाच्या लेखकांना पडलेला दिसत नाही. तो आपण विचारावा.

यातलं खरं किती? चीनचा बादशहा आव्याला आला नव्हता. तेव्हा मिंग घराण्याचा योंगले बादशहा राज्य करत होता आणि १४१४मध्ये तो स्वतः मोहिमेवर गेला तो मंगोलियात. पण धुरामागे थोडी आग आहे. त्याच सुमारास उत्तरेकडच्या शान लोकांच्या सेन्वी संस्थानाशी आव्याचं युद्ध पेटलं होतं. सेन्वी चीनचं मांडलिक, त्यामुळे चिनी फौजेचा ससेमिरा आव्यामागे लागला. बर्मी बखरींत चिनी सेना येते ती शान सरदारांच्या कैद झालेल्या बायकामुलांना सोडवायला. वीर शोधायला बादशहा येतो ती कथा थाई रूपातली. युद्धाचं कारण गळून पडलं, एक द्वंद्व उरलं आणि ते तीनशे वर्षांत चढत गेलं.

ज्या मिन्ये चॉस्वाने मोनांना सर्वात जास्त पळवलं, त्याचा शेवट मात्र बऱ्यापैकी ठोसपणे नोंदलेला आहे. मिनखाउंगचा हा थोरला मुलगा विशीतच आव्याचा सर्वात धडाडीचा सेनापती झाला. १४१५च्या मार्चमध्ये दलाच्या वेढ्याच्या वेळी राजाधिराज स्वतः मदतीला आला. मिन्ये चॉस्वा आपला हत्ती दामटत एकटाच फार पुढे गेला, जबर जखमी झाला आणि मोनांच्या हाती सापडला. राजाधिराजाने उपचार देऊ केले, त्याने नाकारले आणि तो मेला. राजाधिराजाने त्याचे अंत्यविधी सन्मानाने केले असं बखरी सांगतात. आव्याचा जोर तिथेच ओसरला. १४२१च्या सुमारास राजाधिराज आणि मिनखाउंग दोघेही काही महिन्यांच्या अंतराने मेले. राजाधिराज लढाईत गेला नाही. हत्ती पकडताना झालेल्या अपघातात गेला.

या सगळ्या कथा आपल्यापर्यंत आणणारा माणूसही मोन सेनापतीच होता, आणि त्याची कारकीर्द या विषयातला सर्वात बोलका दाखला आहे. 'राजाधिराज' ही बखर मूळ मोन साधनांवरून १६व्या शतकात बर्मी भाषेत उतरवली ती बिन्या दलाने. तोवर मोनांचं राज्य गेलं होतं. तौंगूच्या तबिन्श्वेती या बर्मी राजाने १५३८-३९मध्ये पेगू आणि १५४१मध्ये मर्तबान घेतलं. १५५०मध्ये त्याचा खून झाला. करणारा त्याच्याच सेवेतला मोन सरदार, स्मिम सॉटुट. राजा गेला, शपथ संपली, सगळं साम्राज्य रातोरात विस्कटलं. गावागावचे कारभारी स्वतंत्र झाले. तबिन्श्वेतीचा मेहुणा आणि सेनापती बायिन्नाउंग याला जवळजवळ शून्यापासून सुरुवात करावी लागली. जुन्या मोन घराण्यातला स्मिम टॉ पेगूच्या गादीवर हक्क सांगून लढत होता. त्याला १५५२मध्ये हरवून बायिन्नाउंगने पेगू घेतलं. या बर्मी राजाचा उजवा हात झाला तो मोन, बिन्या दला.

त्याची यादी पाहिली की दम लागतो. १५५५मध्ये आवा बायिन्नाउंगच्या हाती आलं, त्यानंतर शान संस्थानं, मग चियांग माई. १५६०मध्ये बिन्या दलाच्या नेतृत्वाखालची फौज मणिपूरला पोचली आणि तिथल्या राजाने मांडलिकी मान्य केली. त्याच सुमारास बायिन्नाउंगचे दूत गोव्याला पोर्तुगीज व्हाइसरॉयकडे गेले होते. सिंहलद्वीपाच्या स्वारीत पोर्तुगीजांच्या हाती बुद्धाचा म्हणवला जाणारा दात लागला होता आणि बायिन्नाउंग त्यासाठी प्रचंड रक्कम मोजायला तयार होता. व्हाइसरॉयला सौदा हवा होता, चर्चने होऊ दिला नाही. दात गोव्यात खलबत्त्यात कुटून जाळून टाकला गेला.

१५६९च्या ऑगस्टमध्ये दीर्घ वेढ्यानंतर सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी अयुथया पडली. तेव्हाच्या वरिष्ठ सेनापतींत बिन्या दला होता. तो फक्त लढवय्या नव्हता, राजाचा मुख्य सल्लागारही होता. त्याच्या लेखनात आपण मोन आणि राजा बर्मी याचा सल कुठे जाणवत नाही. शान, मोन, बर्मी असे सगळे एका राजाने मोठे केलेले आणि त्याच्यासाठी जीव द्यायला तयार, असं तो स्वतःचं आणि सोबत्यांचं चित्र काढतो. राजाधिराजाच्या शौर्याची बखर बर्मी भाषेत आणण्यात त्याला विरोधाभास वाटला नसावा. त्याच्या लेखी ती धनी आणि चाकर यांच्या नात्याची बखर होती.

आणि ते नातं तुटतं कसं, हे त्याच्याच वाट्याला आलं. सगळ्या मोहिमांत एक मुलूख कधी नीट हाती आला नाही, लाओसचं लान सांग. तिथला राजा सेत्थाथिराथ राजधानी सोडून जंगलात जायचा आणि तिथून फौजेला छळायचा. तो मेल्यावर १५७२मध्ये बिन्या दलाला फौज देऊन पाठवलं. तो रिकाम्या हाताने परतला. वीसेक वर्षांची सेवा, अर्धा डझन राज्यं पायाशी आणून दिलेली, आणि एका फसलेल्या मोहिमेवरून बायिन्नाउंगने त्याला हद्दपार केलं. थोड्याच काळात तो हद्दपारीतच मेला. त्याने रंगवलेला राजाधिराज शत्रूच्या मुलालाही मानाने निरोप देतो. त्याच्या स्वतःच्या राजाला तेवढं जमलं नाही.

बायिन्नाउंग १५८१मध्ये मेला आणि पुन्हा तेच चक्र फिरलं. मुलगा नंदा गादीवर आला, सरदार तोलूनमापून पाहू लागले. सयामच्या बखरी सांगतात की १५८४मध्ये नंदाने दोन मोन सरदारांना सयामचा राजपुत्र नरेसुआन याला मारायला पाठवलं. फाया कियात आणि फाया राम ही त्यांची नावं. त्यांनी एका मोन भिक्षूमार्फत कट उघड केला आणि आपली माणसं घेऊन ते नरेसुआनच्या सेवेत दाखल झाले. लाउकप्याच्या माणसांना आव्यात गावं मिळाली होती, तशी यांना सयाममध्ये मानाची जागा मिळाली.

त्यानंतरच्या दोनशे वर्षांत मोन लोक लाटांमागून लाटांनी सयाममध्ये उतरत राहिले. १७५७मध्ये पेगू शेवटचं पडलं, दहा वर्षांनी बर्मी फौजेने अयुथया जाळली. बँकॉकला नवी राजधानी झाल्यावर सयामचा राजा पहिला राम याच्या दरबारात १७८५मध्ये 'राजाधिराज'चं थाई भाषांतर झालं. चाओफ्राया फ्राखलांग, मूळ नाव होन, या मंत्र्याच्या देखरेखीखाली. बर्मी स्वाऱ्या त्याच वर्षी पुन्हा सीमेवर होत्या, त्यामुळे बर्मी राजाला जेरीस आणणाऱ्या मोन वीरांची कथा त्या दरबाराला जवळची वाटली यात नवल नाही. सयामच्या सैन्यात तेव्हा मोनांची स्वतंत्र तुकडी होती. पश्चिम सीमेवरच्या जंगलवाटा, नद्यांचे उतार आणि पलीकडची भाषा त्यांना माहीत होती. बर्मी फौज निघाली की टेहळणीला तेच पुढे जात.